जराजन्य दुर्बलता आणि कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका खेड्यात मुलगा, सून आणि दोन नातवंडांसोबत राहणाऱ्या ७४ वर्षांच्या आजींचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजींना बारा वर्षांपासून मधुमेह आणि त्याहून थोड्या आधीपासून रक्तदाब आहे. घरी दोन म्हशी आहेत आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालण्याचे काम आजींनी पन्नाशीपासून स्वतःकडे ठेवले होते. डेअरी घरापासून सुमारे अडीचशे मीटरवर आहे. गेल्या दोन वर्षांत या वाटेवर त्यांना आधी एकदा आणि मग दोनदा पारावर टेकावे लागू लागले, आणि शेवटच्या सहा महिन्यांत किटली नातवाच्या हाती गेली.

चालू लागल्यावर दोन्ही पोटऱ्यांत जडपणा व मुंग्या, उभे राहिले की वाढणारी कळ, आणि बसले किंवा पुढे वाकले की दोन-चार मिनिटांत मिळणारा आराम, ही कमरेतील मज्जारज्जूची नलिका अरुंद झाल्याची ठरलेली लक्षणे त्यांच्यात होती. मधुमेही रुग्णात पायांचा रक्तपुरवठा कमी झाल्यानेही चालताना पोटऱ्या दुखतात, म्हणून घोट्याजवळच्या नाड्या तपासण्यात आल्या. त्या नीट लागत होत्या. एमआरआयमध्ये एल४-एल५ पातळीवर, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, नलिका तीव्र अरुंद झालेली आणि तेथेच एक मणका दुसऱ्यावर किंचित पुढे सरकलेला दिसला. एल३-एल४ येथे मध्यम अरुंदपणा होता. उजव्या पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद थोडी कमी होती, परंतु सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीतही ती तितकीच नोंदलेली होती. लघवी-शौचावर ताबा होता आणि बैठकीच्या भागात बधिरपणा नव्हता.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका शल्यचिकित्सकांनी दोन पातळ्यांवर नलिका मोकळी करून स्क्रू आणि रॉडने मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. ईसीजी, टू-डी एको आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या होत्या, फिजिशियनचा 'फिटनेस' मिळाला होता, आणि तारीखही ठरत आली होती. मुलाने दुसरे मत घ्यायचे म्हणून शहरातील मणक्याच्या शल्यचिकित्सकांना कागद दाखवले. त्यांनी आजींना खुर्चीतून उठताना पाहिले आणि निर्णयाआधी आमच्याकडे, म्हणजे वृद्धांचे आरोग्य आणि पुनर्वसन पाहणाऱ्या गटाकडे, पाठवले.

समस्या

'फिटनेस'च्या चिठ्ठीत हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि साखर यांचा हिशेब असतो, आणि रुग्ण भूल सोसू शकेल का या प्रश्नाचे उत्तर त्यातून बऱ्यापैकी मिळते. भूल उतरल्यानंतरच्या तीन महिन्यांत रुग्ण पुन्हा उभा राहील का, हा प्रश्न त्या चिठ्ठीत विचारलेलाच नसतो. वयासोबत स्नायू, हाडे, भूक, झोप, तोल आणि मेंदू या सर्वांची राखीव ताकद थोडी थोडी कमी होत जाते. रोजचे दिवस निभावतात, पण एखादा मोठा ताण आला की गंगाजळी आटल्याचे एकदम कळते. या अवस्थेला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. या लेखात तिला जराजन्य दुर्बलता किंवा नुसते दुर्बलता म्हटले आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियांवरील अनेक देशांतील नोंदी एका गोष्टीवर एकमुखी आहेत, ती म्हणजे दुर्बल रुग्णांत गुंतागुंती अधिक होतात, रुग्णालयातील मुक्काम लांबतो आणि घरी परतल्यावर परावलंबन अधिक राहते. नुसत्या वयापेक्षा हा अंदाज अधिक खरा ठरतो.

आजींच्या बाबतीत वर्षभरात वजन ५२ किलोवरून ४६ किलोवर आले होते. दात पडल्यामुळे भाकरी दुधात कुस्करून खायची, डाळ पातळ आणि तीही वाटीभर, आठवड्याला एक सोमवार आणि महिन्याला दोन एकादश्या. माळ घातलेली असल्याने अंडी-मांसाचा प्रश्नच नव्हता. दिवसभराच्या आहारातील प्रथिने मोजली तेव्हा ती ३० ग्रॅमच्या आसपास भरली, तर त्यांच्या वजनाला निदान ५५ ग्रॅम हवी होती.

दुर्बलता मोजताना आलेल्या अडचणी

लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या निकषांत पाच गोष्टी पाहिल्या जातात: न ठरवता घटलेले वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीची कमी ताकद, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन किंवा अधिक आढळल्यास रुग्ण दुर्बल समजला जातो. आजींमध्ये पाचही आढळल्या. येथेच थांबलो असतो तर चित्र सोपे होते, आणि चुकीचेही ठरू शकले असते. कारण नलिका अरुंद झालेला कोणताही माणूस हळूच चालतो, कमी हिंडतो आणि थकल्याचे सांगतो. त्याची चाल मणक्यामुळे मंद आहे की स्नायू झिजल्यामुळे, हे त्या पाच खुणांतून कळत नाही. यातील जितका भाग मणक्यामुळे असेल तितका शस्त्रक्रियेने सुधारण्याची आशा धरता येते, आणि उरलेला भाग शस्त्रक्रियेने कदाचित वाढेल. रुग्णाला काय सांगायचे, ते या वाटणीवर ठरते.

म्हणून कमरेशी संबंध नसलेल्या खुणांना आम्ही अधिक वजन दिले. त्यांतली पहिली म्हणजे वजनातील घट. दुसरी हाताची पकड, जी यंत्रावर १२ किलो भरली. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार स्त्रियांत १८ किलोच्या खालची पकड कमी समजतात. मात्र येथेही एक फसगत संभवते. कमरेची नलिका अरुंद असलेल्या काही रुग्णांत मानेतही तोच आजार असतो आणि पकड त्यामुळे ढिली होते. मानेतील दाब लक्षात न घेता कमरेची शस्त्रक्रिया केली, तर पाय मोकळे होऊनही चाल सुधारत नाही. आजींना आम्ही चोळीचे हूक लावायला, तांदूळ निवडायला सांगितले. बोटे व्यवस्थित चालत होती. हातांचे प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) वाढलेले नव्हते. तेव्हा पकडीतला अशक्तपणा खरोखरच स्नायूंचा होता.

रक्ततपासणीने आणखी एक धागा हाती दिला. बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी, १४८ पिकोग्रॅम होती. शाकाहार आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे घेतलेले मेटफॉर्मिन एकत्र आले की हे आपल्याकडे वारंवार दिसते, आणि त्याने पायांत मुंग्या येतात, तोल जातो, चाल बिघडते. म्हणजे ज्या मुंग्यांचे खापर पूर्णपणे एमआरआयवर फोडले जात होते, त्यांचा काही भाग इंजेक्शनने बरा होण्याजोगा होता. हिमोग्लोबिन ९.८ आणि ड जीवनसत्त्व ११, दोन्ही कमी, आणि मांडीच्या हाडाच्या मानेजवळ घनतेचा टी-स्कोअर उणे ३.१, अर्थात ठळक अस्थिसुषिरता, म्हणजे ठिसूळ झालेली हाडे. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ३.२, म्हणजे कमी होते, पण केवळ त्या आकड्यावरून कुपोषण ठरवू नये, कारण तो शरीरातील दाहानेही खाली येतो.

शस्त्रक्रियेच्या नोंदींत वापरला जाणारा पाच कलमी दुर्बलता निर्देशांकही आम्ही भरला. त्यात मधुमेह, औषध चालू असलेला रक्तदाब, हृदयाची अकार्यक्षमता, फुफ्फुसाचा जुनाट आजार आणि परावलंबन यांना एकेक गुण असतो. हे साधन मोठ्या आकडेवारीसाठी सोयीचे आहे, पण एका रुग्णापुढे बसल्यावर ते तोकडे पडते. मधुमेह व रक्तदाब असलेला, रोज पाच किलोमीटर चालणारा साठीचा माणूसही त्यात दोन गुण घेतो.

परावलंबनाचे कलम भरताना तर आपल्या घरांची रीतच आड येते. आजी स्वयंपाक करत नाहीत, कारण सून करते. आंघोळीचे पाणी सून काढून देते, कपडे नात धुते. यातले आजींना काय जमत नाही आणि काय कोणी करू देत नाही, हे प्रश्नावलीतून कळत नाही. म्हणून प्रश्न बदलून विचारावा लागला: "सूनबाई चार दिवस माहेरी गेली, तर काय कराल?" आजी म्हणाल्या, "चहा-खिचडी होईल. पाण्याची बादली न्हाय उचलायची." सून शेजारीच होती, तिने हळूच सांगितले की गेल्या दिवाळीपासून आत्या (म्हणजे आजी) रात्री शौचाला एकट्या जात नाहीत, तिला उठवतात. मुलाला हे ठाऊक नव्हते. केनेथ रॉकवूड यांच्या नऊ पायऱ्यांच्या दुर्बलता मापावर आम्ही आजींना सहाव्या, म्हणजे मध्यम दुर्बलतेच्या, पायरीवर ठेवले. सुनेचे हे एक वाक्य नसते तर त्या पाचवर बसल्या असत्या.

चार मीटर चालायला त्यांना आठ सेकंद लागले. खुर्चीतून पाच वेळा उठणे हातांचा आधार घेतल्याशिवाय जमले नाही. कमरेच्या आजाराने रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीत प्रमाणित झालेली आहे. तिच्यावर त्यांचा गुणांक ६२ आला. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही आणि शंभर म्हणजे अंथरुणाला खिळलेला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शस्त्रक्रिया न करण्याचा होता. औषधे, व्यायाम, गरज पडल्यास मणक्यात इंजेक्शन आणि चालण्यासाठी पुढे वाकता येईल असा वॉकर. अरुंद नलिकेचे बरेच रुग्ण वर्षानुवर्षे आहे तेवढ्यावरच राहतात आणि एकाएकी लुळे पडत नाहीत, ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी, कारण "आत्ता केले नाही तर पाय जातील" या भीतीपोटी अनेक संमतिपत्रांवर सह्या होतात. आजींनी मात्र हा मार्ग दीड वर्ष चालून पाहिला होता. दोन इंजेक्शनांचा गुण महिनाभरही टिकला नव्हता. शिवाय हालचाल जितकी कमी होत होती तितके स्नायूही झिजत होते. नुसते थांबण्याचीही किंमत मोजावी लागत होती.

दुसरा पर्याय आधीच सुचवलेला, म्हणजे दोन पातळ्यांवर मोकळीक आणि स्क्रू-रॉडने जोडणी. तिसरा, फक्त नलिका मोकळी करणे. मणका सरकलेला असला की जोडणी हवीच, असे अनेक वर्षे मानले जात असे. स्वीडनमधील २०१६ च्या आणि नॉर्वेतील २०२१ च्या चाचण्यांनी या समजुतीला चांगलाच धक्का दिला; केवळ मोकळीक दिलेल्या रुग्णांचे परिणाम जोडणी केलेल्यांपेक्षा उणे ठरले नाहीत. अमेरिकेतील एका चाचणीत जोडणीला थोडा लाभ दिसला होता, त्यामुळे मतभेद पूर्ण मिटलेले नाहीत. या चाचण्यांतले रुग्ण सरसकट आजींइतके अशक्त नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण आजींच्या बाबतीत पारडे स्पष्टपणे एका बाजूला झुकत होते. वाकवून व ताठ करून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत मणका जवळजवळ हलत नव्हता, तक्रार कंबरदुखीची कमी आणि पायांची अधिक होती, आणि उणे ३.१ घनतेच्या हाडात स्क्रू किती धरतील याची शाश्वती नव्हती. जोडणीमुळे शस्त्रक्रिया लांबते, रक्त अधिक जाते आणि पहिल्या महिन्यातील वेदनाही वाढते. हे तिन्ही ताण दुर्बल शरीराला महागात पडतात.

प्रश्न उरला तो वेळेचा. लगेच करायची की सहा-आठ आठवडे तयारी करून? मुलाचा आग्रह लगेचचा होता. ऊसतोडीच्या आधी उरकावे असे त्याला वाटत होते, आणि तेही अगदीच गैरवाजवी नव्हते, कारण तोड सुरू झाली की घरात माणूस मिळत नाही. शल्यचिकित्सकांचे म्हणणे होते की अंगठ्याची ताकद स्थिर असेपर्यंत थांबता येईल. थांबण्याच्या अटी कागदावर लिहून सुनेकडे दिल्या: पाऊल लोंबू लागले, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी यायचे.

आजींना आम्ही विचारले की या सगळ्यातून त्यांना नेमके काय हवे आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. रात्री कोणाला न उठवता मोरीपर्यंत जाता यावे, आणि डेअरीला जाता यावे. कळ पूर्ण जावी असे त्या म्हणाल्या नाहीत.

निर्णय आणि तयारी

फक्त एल४-एल५ येथे मोकळीक, आणि तीही सात आठवड्यांच्या तयारीनंतर, असे ठरले. एल३-एल४ सोडून देण्यावर चर्चा झाली. तेथील अरुंदपणा मध्यम होता, परंतु पुढे त्रास देऊ शकेल असा होता. एकदाच भूल देऊन दोन्ही उरकावे हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो एका पातळीने वाढणारा वेळ आणि स्नायूंची इजा फुकटची धरतो. शल्यचिकित्सकांनी लक्षणांशी जुळणारी पातळीच करायचे ठरवले.

तयारीतला सर्वांत कठीण भाग आहाराचा ठरला. डबाबंद प्रथिन पावडरीची पहिली खेप नातवंडांनी संपवली. मग आहारतज्ज्ञांनी घरातलेच पदार्थ घेतले: सकाळी दुधात दूध पावडर, दुपारी मुगाचे मऊ धिरडे आणि दही, संध्याकाळी पनीर कुस्करून केलेली भुर्जी, भाजीत दाण्याचे कूट. उपास सोडण्याचा विषय काढला तेव्हा आजींनी तोंड फिरवले. तडजोड अशी निघाली की सोमवार सुटला, एकादशी राहिली, आणि एकादशीला साबुदाण्याऐवजी दाण्याची आमटी, दूध व ताक. याच चर्चेत कळले की उपासाच्या दिवशीही त्या साखरेची ग्लिमेपिराइड असलेली गोळी नेमाने घेत आणि दुपारी त्यांना गरगरत असे. ती गोळी बदलण्यात आली. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.९ टक्के होती; ती आणखी खाली खेचण्याचा प्रयत्न मुद्दाम केला नाही, कारण या वयात साखर उतरून पडणे हे किंचित वाढलेल्या साखरेपेक्षा घातक आहे.

औषधांची पिशवी उलटी केल्यावर त्यात झोपेची अल्प्राझोलम निघाली, पाच वर्षांपासून रोज. शिवाय मुंग्यांसाठी प्रीगॅबलिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी, जी आपल्याकडे मणक्याच्या रुग्णांना सर्रास दिली जाते. तिने तोल जातो, बद्धकोष्ठ होतो आणि लघवी अडते. ती दोन आठवड्यांत कमी करून थांबवली. अल्प्राझोलम एकदम बंद केली तर शस्त्रक्रियेच्याच सुमारास अस्वस्थता व भ्रम उसळण्याचा धोका होता, म्हणून ती हळूहळू निम्म्यावर आणली आणि तेवढ्यावर ठेवली. बी-१२ ची इंजेक्शने, शिरेतून लोह आणि ड जीवनसत्त्व सुरू झाले.

व्यायाम मोजकेच दिले: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला धरून टाचा उचलणे, आणि पुढे वाकून चालता येईल म्हणून रिकाम्या हातगाड्याला धरून अंगणात फेऱ्या. हातगाड्याची कल्पना गावातल्या आरोग्यसेविकेची, वॉकर आजींनी तोपर्यंत कोपऱ्यात ठेवला होता, कारण "लोक बघत्यात." सात आठवड्यांनी वजन ४७ किलो, हिमोग्लोबिन ११.१, पकड साडेतेरा किलो झाली, आणि पाच उठ-बशा हातांशिवाय १९ सेकंदांत जमल्या. आकडे अजूनही दुर्बलतेचेच होते. पण मुंग्या बऱ्याच कमी झाल्या होत्या आणि चार मीटरचे अंतर साडेसहा सेकंदांवर आले होते. एमआरआय मात्र होता तसाच होता.

या टप्प्यावर शस्त्रक्रिया रद्द करायची का, हा प्रश्न आम्ही पुन्हा मांडला. अडीचशे मीटरच्या वाटेवर अजूनही ऐंशी-नव्वद मीटरला थांबावे लागत होते. आजींनीच सांगितले की आता करून टाका.

शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील दिवस

कमरेत भूल देऊन, एका बाजूने शिरून दोन्ही बाजूंची नलिका मोकळी करण्यात आली. सव्वा तास लागला, रक्त द्यावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि दुपारी आजी खाटेच्या कडेला बसून नंतर दाराशी चालत गेल्या. पायातली कळ गेल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. मुलगा त्या संध्याकाळी गावी परतला.

त्याच रात्री अकराच्या सुमारास आजी खाटेवरून उतरू लागल्या. म्हैस सुटली आहे, ती उसात शिरेल, असे त्या सांगत होत्या आणि सलाईनच्या नळीला दावे समजून ओढत होत्या. ड्युटीवरील परिचारिकेने शल्यचिकित्सकांच्या गटाला आणि त्यांनी आम्हाला कळवले. हा शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम होता, आणि दुर्बल रुग्णांत तो अपवाद नसून अपेक्षितच धरावा लागतो. त्यामागे बहुधा काहीतरी सापडते, फक्त शोधावे लागते. येथे तीन गोष्टी सापडल्या. संध्याकाळी वेदनेसाठी ट्रॅमाडॉल दिले गेले होते. आमच्या टिपणात ते टाळावे असे होते, पण वॉर्डातील छापील औषधपत्रकावर ते आधीपासूनच होते. मूत्राशयात सुमारे ५०० मिली लघवी तुंबली होती. आणि चष्मा मुलाच्या पिशवीतून गावी गेला होता.

लघवी नळीने काढून नळी लगेच बाहेर घेतली, ट्रॅमाडॉल थांबवून पॅरासिटामॉल ठरावीक वेळेने सुरू केले, मंद दिवा लावला आणि सुनेला खाटेशेजारी बसू दिले. हात बांधण्याची सूचना एकाने केली, ती मानली नाही. बांधलेला माणूस अधिक झगडतो आणि झोपूनही राहतो, ज्याने स्नायू आणखी जातात. गुंगीचे इंजेक्शन टाळता आले. पुढच्या दुपारी चष्मा एसटीने आला. चौथ्या दिवशी आजी पूर्ण शुद्धीवर होत्या, पण मधले दोन दिवस चालणे झाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी गेलेल्या आजींना पाचव्या दिवशी दोघांचा आधार लागला. सातव्या दिवशी त्यांना घरी सोडले. अशा शस्त्रक्रियेनंतर धडधाकट रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

परिणाम

सहा आठवड्यांनी पायातली कळ दहापैकी आठवरून दोनवर आली होती. शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने आणि मुलाच्या दृष्टीने काम फत्ते झाले होते. आजी मात्र वॉकरने जेमतेम दीडशे मीटर चालत होत्या, आणि आता थांबायचे कारण वेगळे होते: पाय दुखत नव्हते, थकत होते. ऑस्वेस्ट्री गुणांक ६२ वरून ४६ वर आला. वेदना गेली की चालणे आपोआप येईल ही कुटुंबाची अपेक्षा येथे मोडली, आणि घरात थोडी चिडचिडही झाली. मुलाला वाटू लागले की आई प्रयत्न करत नाही. त्याला पकडीचे आणि वजनाचे आकडे पुन्हा दाखवून समजवावे लागले. रुग्णालयातल्या आठवड्यात वजन दीड किलो उतरले होते आणि ते भरून यायला तीन महिने गेले.

तिसऱ्या महिन्यात आजी अंगणातल्या शेणसड्यावर घसरून पडल्या. हाड मोडले नाही. त्यानंतर पंधरा दिवस भीतीने त्या घरातच राहिल्या, आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन जमिनीवरून उठायचे कसे हे शिकवल्यावर पुन्हा बाहेर पडल्या. अस्थिसुषिरतेसाठी झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन ड जीवनसत्त्व भरून आल्यावर दिले गेले.

वर्षअखेरीस गुणांक ३२ होता आणि पकड १४ किलो. गुणांकातील दहा-पंधरा अंकांची सुधारणाही रुग्णाला जाणवण्याइतकी मानतात, तेव्हा तीस अंकांची सुधारणा मोठी आहे. तरी बत्तीस म्हणजे चांगलीच अडचण शिल्लक आहे. दुर्बल रुग्णांत हे वारंवार दिसते. ते खालून सुरुवात करतात, पुष्कळ चढतात आणि तरीही धडधाकट रुग्णांच्या पातळीला पोहोचत नाहीत. किती चढले हे पाहायचे की कुठवर पोहोचले हे पाहायचे, यावर शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही याचे उत्तर बदलते.

आजींनी मागितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली पूर्ण झाली. रात्री त्या भिंतीतल्या कठड्याला धरून एकट्या जातात, आणि सून सांगते की दीड वर्षात ती प्रथमच सलग झोपते आहे. या फरकाला कोणत्याही प्रश्नावलीत रकाना नाही. दुसरी गोष्ट अर्धी साधली: संध्याकाळी काठी घेऊन त्या डेअरीला जातात, वाटेत एकदा टेकतात, आणि किटली नातू नेतो. खाली बसून पंगतीत जेवणे सुटले ते सुटलेच. ऑस्वेस्ट्रीत बसण्याचा प्रश्न आहे, पण तो खुर्चीतल्या बसण्याविषयी आहे. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे यांविषयी आपल्याला वेगळे विचारावे लागते.

वेगळे काय करता आले असते

ट्रॅमाडॉलचा प्रसंग एका टिपणाने टळणारा नव्हता. छापील पत्रकावरचे औषध काटा मारून काढल्याखेरीज रात्रीच्या पाळीत ते दिले जाणारच. आता त्या वॉर्डात दुर्बल म्हणून नोंदलेल्या रुग्णांसाठी वेगळे पत्रक आहे, त्यात चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी यांचीही नोंद असते.

तयारीचे सात आठवडे मोजून झाले. शस्त्रक्रियेनंतरचे सात आठवडे तसे आखलेले नव्हते. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट तिसऱ्या महिन्यात, पडल्यानंतर, आला. तो पहिल्याच आठवड्यात हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि वर्षअखेरीस जी अडचण शिल्लक राहिली त्यातली काही त्याने कमी झाली असती. येथे पैशांची बाजूही आहे. शासकीय योजना आणि खाजगी विमा दोन्हींची रचना शस्त्रक्रियेच्या पॅकेजभोवती असते. आधीच्या आहाराचा आणि नंतरच्या घरगुती व्यायामाचा खर्च बहुतेक कुटुंबाच्याच खिशातून जातो, आणि तो ज्यांना झेपत नाही त्यांच्यात दुर्बलताही अधिक असते.

एल३-एल४ चा निर्णय अजून निकाली निघालेला नाही. चौदाव्या महिन्यात आजींना डाव्या मांडीत चालताना जडपणा जाणवू लागला. नव्या एमआरआयमध्ये तेथील अरुंदपणा किंचित वाढलेला आहे. त्या वेळीच दोन्ही केले असते तर, हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो रास्त आहे. मात्र अधिक लांबलेल्या शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम किती दिवस चालला असता, हेही त्याच वाक्यात विचारावे लागेल. सध्या व्यायाम, वजन ४८ किलोच्या वर नेणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी असे ठरले आहे.

संमतीच्या दोन्ही बैठका मुलाशी झाल्या, कारण सही त्याची होती आणि पैसे तो भरणार होता. पहिल्या बैठकीत सून आजींना घेऊन बाहेर बाकावर बसली होती. रात्रीचे उठणे तिला ठाऊक होते, औषधांची पिशवी तिने भरली, भ्रमाच्या रात्री ती खाटेशी होती, धिरडी तिने केली. मणका मोकळा झाल्यावर पहिले दोन महिने घरात किती हात लागतील आणि त्यातले कोणते काम दुसऱ्या कोणी उचलायचे, हे तिला शस्त्रक्रियेआधी कोणी विचारले नाही. ऊसतोड, दोन म्हशी आणि आजी हे तिघांचे काम तिने एकटीने ओढले. एल३-एल४ विषयीच्या पुढच्या बैठकीचे बोलावणे आजी आणि सून या दोघींच्या नावे काढले आहे.